शेजाऱ्यांचा अंतिम सामना शेजाऱ्यांच्या अंगणात व्हावा : बिग टेनच्या धुरीणांना खुले पत्र

प्रति,
मा. टोनी पेटिटी, आयुक्त, बिग टेन कॉन्फरन्स,
तसेच कॉन्फरन्समधील अठरा विद्यापीठांचे मा. अध्यक्ष आणि चॅन्सलर यांस,

स. न. वि. वि.

शुक्रवार, 1 डिसेंबर 2023 रोजी लास वेगासच्या अलेजियंट स्टेडियममध्ये पॅक-12 या पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या कॉन्फरन्सच्या (खेळांसाठीच्या गटाच्या) अमेरिकन फुटबॉल अजिंक्यपदाचा सामना झाला, त्या रात्री मी तिथे हजर होते. माझ्या एका बाजूला वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणारी माझी मुलगी जांभळा शर्ट घालून बसली होती आणि दुसऱ्या बाजूला माझी धाकटी बहीण, जिचा मुलगा ओरेगन विद्यापीठात शिकतो, हिरव्या-पिवळ्या स्कार्फमध्ये. त्या रात्रीपासून जी एक गोष्ट मनात घोळते आहे, ती आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्राचा इंग्रजी मसुदा आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठीत ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे, की सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, पोर्टलंड आणि हिल्सबरो या भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यांची मुले या दोन विद्यापीठांत शिकतात, आणि या प्रश्नावर आपलेही काही म्हणणे असू शकते हे त्यांच्या मनात यावे, असे मला वाटते.

माझी विनंती आधीच सांगते, म्हणजे पुढचे सारे कशासाठी लिहिले आहे ते स्पष्ट राहील. ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे 2024 मध्ये पॅक-12 सोडून आपल्या बिग टेन या कॉन्फरन्समध्ये आली. बिग टेनच्या अजिंक्यपदासाठी जेव्हा हे दोन शेजारी समोरासमोर येतील, तेव्हा तो सामना इंडियानापोलिसला न घेता, दोघांपैकी वरच्या क्रमांकावर असलेल्या संघाच्या मैदानावर, म्हणजे युजीनला किंवा सिअ‍ॅटलला घ्यावा, आणि तसा नियम आताच करून ठेवावा.

ज्या मराठी वाचकांचा अमेरिकन फुटबॉलशी फारसा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इथली विद्यापीठे खेळांसाठी गट करून राहतात आणि त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. वर्षभर गटातल्या गटात सामने होतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पहिल्या दोन संघांत अजिंक्यपदाचा सामना होतो. हे गट मुळात शेजाराने बनले. रेल्वेने जाऊन खेळता येईल, अशा अंतरावरची विद्यापीठे एकत्र आली. पॅक-12 ची मुळे 1915 च्या डिसेंबरात पोर्टलंडमधल्या एका हॉटेलात झालेल्या बैठकीपर्यंत जातात, आणि त्या बैठकीतल्या चार संस्थापक विद्यापीठांत ओरेगन आणि वॉशिंग्टन ही दोन्ही होती.

या दोघांमधले वैर त्याहूनही जुने आहे. पहिला सामना 1900 साली झाला आणि तो ओरेगनने 43-0 असा जिंकला. तेव्हापासून शंभराहून अधिक वेळा हे दोघे भिडले आहेत. युजीनमध्ये पन्नाशी उलटलेल्या कोणालाही विचारा, 22 ऑक्टोबर 1994 ची दुपार तो कालची असावी तशी सांगेल. वॉशिंग्टनचा संघ आघाडी घेण्याच्या बेतात ओरेगनच्या गोलरेषेजवळ येऊन ठेपलेला असताना केनी व्हीटन या कोवळ्या खेळाडूने मधेच चेंडू पकडला आणि 97 यार्ड धावत जाऊन तो समोरच्या गोलरेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केला. ओरेगनने तो सामना 31-20 असा जिंकला, आणि त्या हंगामात हा संघ कित्येक दशकांनंतर रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात पोहोचला.

या वैराचा दुसरा धागा मात्र मैदानाबाहेरचा आहे, आणि आपण अधिकारपदावर असल्यामुळे तो मुद्दाम आपल्या नजरेस आणून देते. 1948 साली ओरेगन आणि कॅलिफोर्निया यांची कॉन्फरन्समधली कामगिरी बरोबरीची राहिली आणि रोझ बोलला कोणी जायचे हे सदस्य विद्यापीठांच्या मतदानाने ठरले. कौल कॅलिफोर्नियाला मिळाला. वॉशिंग्टनने शेजाऱ्याला डावलून कॅलिफोर्नियाच्या बाजूने मत दिले, ही सल ओरेगनच्या जुन्या लोकांच्या मनात अजून आहे. 2020 मध्ये वॉशिंग्टनने पॅक-12 चा उत्तर विभाग जिंकला, पण करोनामुळे संघाला अंतिम सामन्यातून माघार घ्यावी लागली. त्याच्या जागी ओरेगन गेले आणि यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) 31-24 असे हरवून अजिंक्य ठरले. त्या वर्षी या दोघांचा आपसातला सामनाही झाला नव्हता. वॉशिंग्टनच्या चाहत्यांनी ते विजेतेपद मनापासून मान्य केलेले मी तरी पाहिलेले नाही. मैदानाबाहेर ठरलेली गोष्ट माणसे पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत, आणि मैदानावर ठरलेली, कितीही कडू असली तरी, पचवतात.

म्हणूनच 2023 चा सामना वेगळा होता. 2011 ते 2021 या काळात पॅक-12 चे उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग होते, हे दोन्ही संघ उत्तरेत होते, आणि अंतिम सामना दोन विभागांच्या विजेत्यांत होत असल्यामुळे त्यांची तिथे गाठ पडणे शक्यच नव्हते. 2022 मध्ये ती पद्धत बदलली आणि पहिले दोन संघ, मग ते कुठलेही असोत, अंतिम सामना खेळू लागले. शंभराहून अधिक वर्षांच्या वैरात कॉन्फरन्सच्या अजिंक्यपदाचा सामना या दोघांत पहिल्यांदाच झाला, आणि त्याच हंगामाने ती जुनी कॉन्फरन्स संपली. 2022 च्या जूनमध्ये यूएससी आणि यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) यांनी आपल्याकडे येण्याचे जाहीर केले होते, 2023 च्या जुलैत कोलोरॅडो बाहेर पडले, 4 ऑगस्टला एकाच दिवशी पाच विद्यापीठांनी बाहेर पडण्याचे ठरवले आणि त्यांतली आमची ही दोन आपल्याकडे यायला निघाली. सप्टेंबर उजाडेपर्यंत बारांपैकी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. ज्यांचा दोष सर्वांत कमी होता तेच मागे राहिले, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

त्या हंगामात हे दोन संघ दोनदा खेळले, आणि माझे म्हणणे समजण्यासाठी ते दोन दिवस शेजारी ठेवून पाहावे लागतील.

पहिला सामना 14 ऑक्टोबरला सिअ‍ॅटलच्या हस्की स्टेडियममध्ये झाला. माझी बहीण, तिचे यजमान, माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र असे सहाजण एका गाडीतून आमच्या घरी आले. युजीन ते सिअ‍ॅटल हे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतो, आणि त्या मुलांना हा प्रवास माणशी एका साध्या जेवणाच्या पैशांत पडला. ज्यांनी हस्की स्टेडियम पाहिलेले नाही त्यांना सांगायला हवे, की हे मैदान लेक वॉशिंग्टनच्या अगदी काठावर आहे, लोक तिथे बोटींनी येतात, आणि खाडीत नांगरलेल्या बोटींच्या रांगा वरच्या आसनांवरून दिसतात. सामन्यात शेवटची दोन-सव्वादोन मिनिटे उरली असताना ओरेगनने आघाडीवर असूनही चौथ्या, म्हणजे चेंडू दहा यार्ड पुढे नेण्याच्या शेवटच्या प्रयत्नावर चेंडू किक करून लांब न टोलवता पुढे जाण्याचा धोका पत्करला, तो फसला, आणि मायकल पेनिक्सने दोनच पासमध्ये रोम ओडुंझेपर्यंत चेंडू पोहोचवून वॉशिंग्टनला 36-33 असे पुढे नेले. अखेरच्या क्षणी ओरेगनचा 43 यार्डांवरून खांबांमधून मारायचा फील्ड गोल उजवीकडून बाहेर गेला. सत्तर हजारांच्या त्या गर्जनेत माझा भाचा डोके दोन्ही हातांत धरून बसला होता. रात्री आमच्या स्वयंपाकघरात सहा मुलांनी खिचडी खाल्ली, त्यांतली तीन बोलत नव्हती आणि तीन हळू आवाजात बोलत होती, आणि दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी एकमेकांना डिसेंबरात भेटण्याचे वचन दिले.

डिसेंबरात ती भेटली नाहीत. सामना लास वेगासला होता, तोही शुक्रवारी रात्री. दोन्ही विद्यापीठे क्वार्टर पद्धतीने, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सत्रांनी चालतात आणि डिसेंबरचे पहिले दोन आठवडे हा त्यांच्या सत्रपरीक्षांचा काळ असतो. माझ्या भाच्याचा पेपर तोंडावर होता. मुलीसोबत राहणाऱ्या दोन मैत्रिणी विद्यापीठाच्या भोजनगृहात पाळीने काम करतात. विमानाचे भाडे, हॉटेल आणि तिकीट यांची बेरीज त्यांनी कागदावर मांडली आणि कागद बाजूला ठेवला. माझी मुलगी येऊ शकली, कारण खर्च मी केला. हा माझ्या बेताबाहेरचा नव्हता, पण विद्यापीठाच्या खेळाचा अंतिम सामना पाहण्याचा हक्क पालकांच्या ऐपतीवर ठरावा, हे मला पटत नाही.

सामना विलक्षण झाला. वॉशिंग्टन अपराजित असूनही सगळ्यांचे भाकीत ओरेगनच्या बाजूने होते. वॉशिंग्टनने 20-3 अशी आघाडी घेतली. मग बो निक्सच्या ओरेगन संघाने ओळीने तीन टचडाउन करून 24-20 असे पुढे सरकत आमचे तोंड बंद केले, आणि माझी बहीण, जी देवळातही मोठ्याने बोलत नाही, ती खुर्चीवर उभी राहिली. त्यानंतर वॉशिंग्टनने चौदा गुण मिळवले, ओरेगनने पुन्हा एक टचडाउन करून अंतर तीनवर आणले, आणि शेवटची दोन मिनिटे वॉशिंग्टनच्या डिलन जॉन्सनने चेंडू छातीशी धरून, लोकांच्या भिंतीत घुसून घुसून संपवली. ओरेगनला चेंडू परत मिळालाच नाही. त्या रात्री जॉन्सन 152 यार्ड धावला. गुणफलक होता 34-31. दोन्ही सामन्यांत फरक तीनच गुणांचा.

मध्यंतरात भाच्याने वसतिगृहाच्या सामायिक खोलीतून एक छोटा व्हिडिओ पाठवला होता. तीस-चाळीस मुले दाटीवाटीने जमिनीवर बसलेली, दाराशी ओल्या बुटांचा ढीग, समोर भिंतीवर टीव्ही आणि त्याच्या गुडघ्यावर उघडी पडलेली सेंद्रिय रसायनशास्त्राची वही. तो व्हिडिओ मी त्या प्रचंड, छत असलेल्या, वातानुकूलित स्टेडियममध्ये बसून पाहिला, आणि ज्यांचा हा सामना आहे ती मुले तिकडे आहेत आणि आम्ही इकडे, ही जाणीव मला तिथे पहिल्यांदा झाली. ज्या दोन राज्यांची सीमा एका नदीच्या पात्रातून जाते, त्या राज्यांतल्या दोन विद्यापीठांनी आपला शतकातला पहिला अंतिम सामना नेवाडाच्या वाळवंटात खेळला.

मी पुण्यात शिकले. तिथे फुटबॉल नव्हता, पण पुरुषोत्तम करंडक होता, आणि भरत नाट्य मंदिराबाहेर रांगेत उभे राहून ‘अरे आव्वाज कुणाचा’ या हाकेला घसा फुटेपर्यंत उत्तर देणाऱ्यांत मीही होते. एकांकिका रंगमंचावरची आठ-दहा मुले करत, पण करंडक आणायचा तो सगळ्या कॉलेजने. बसने, सायकलने, चालत आलेली ती मुले आणि त्यांच्या समोर बसलेली दुसऱ्या कॉलेजची मुले नसती, तर ती स्पर्धा एक बरी नाट्यस्पर्धा राहिली असती, एवढेच. अंतिम फेरी हजारो किलोमीटरवरच्या एखाद्या सुसज्ज नाट्यगृहात नेली असती, तर आमच्यापैकी कोण गेले असते? हस्की स्टेडियममध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा तो आवाज मला ओळखीचा वाटला, आणि या खेळाचे नियम कळण्याच्या आधी मला तो आवाज कळला होता.

आता आपल्याकडे येते. बिग टेनचा अजिंक्यपद सामना 2011 मध्ये सुरू झाला आणि 2024 पर्यंतचे चौदाही सामने इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये झाले. ओहायो, मिशिगन, इंडियाना, विस्कॉन्सिन यांच्यासाठी ते शहर मध्यावर आहे, गाडीने जाता येते, छत असल्यामुळे हवामानाची चिंता नाही, आणि त्यात काही चूक आहे असे मी म्हणत नाही. पण सिअ‍ॅटलहून ते शहर विमानमार्गाने तीन हजार किलोमीटरच्या घरात आहे. 7 डिसेंबर 2024 रोजी ओरेगनने तिथे पेन स्टेटला 45-37 असे हरवून पहिल्याच वर्षी आपले अजिंक्यपद मिळवले. प्रतिस्पर्धी पूर्वेचा होता, तेव्हा मधले शहर योग्यच होते. उद्या दोन्ही संघ पश्चिमेचे असतील तर काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्याकडे विभाग नाहीत, पहिले दोन संघ अंतिम सामना खेळतात, आणि 2023 मध्ये हेच दोन संघ देशातल्या पहिल्या पाचांत होते. त्या दिवशी पन्नास-साठ हजार माणसांनी, आणि त्यांत परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांनी, अर्धा देश ओलांडून शेजाऱ्याशी खेळायला जायचे का?

या मागणीला पूर्वीचा आधार आहे. 2011 मध्ये पॅक-12 ने आपला पहिला अजिंक्यपद सामना ओरेगनच्या ऑट्झन स्टेडियमवर घेतला होता आणि ओरेगनने तिथे यूसीएलएला 49-31 असे हरवले होते. हे दोन्ही संघ आज आपले सदस्य आहेत, म्हणजे तो अनुभव आपल्याच घरात आहे. 2012 चा सामना स्टॅनफर्डच्या आणि 2013 चा अ‍ॅरिझोना स्टेटच्या मैदानावर झाला. यजमान कोण, हे जेमतेम आठवडाभर आधी ठरत असे, तरीही तिकिटे, सुरक्षा आणि थेट प्रक्षेपण यांची व्यवस्था तिन्ही वेळा झाली. 2014 पासून सामना सांता क्लाराच्या तटस्थ मैदानावर नेला. तिथे 2018 मध्ये वॉशिंग्टनने युटाहला 10-3 असे हरवले, तेव्हा साडेअडुसष्ट हजारांच्या त्या स्टेडियममध्ये सुमारे पस्तीस हजार माणसे होती. निम्म्या रिकाम्या खुर्च्यांसमोर अजिंक्यपद स्वीकारणारा संघ मी टीव्हीवर पाहिला आहे. मैदान तटस्थ होते खरे, पण ते कोणाचेच नव्हते.

थंडीचे आणि पावसाचे कारण पुढे केले जाईल, म्हणून त्याचाही विचार केला आहे. डिसेंबर 2024 मध्ये बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफची (बाद पद्धतीच्या स्पर्धेची) पहिली फेरी विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर झाली आणि त्यांत आपल्याच पेन स्टेट आणि ओहायो स्टेट यांनी यजमानपद भूषवले, तेही डिसेंबरच्या उत्तरार्धात, उघड्या आकाशाखाली. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत जे जमते ते सिअ‍ॅटलच्या रिमझिम पावसात न जमण्याचे कारण दिसत नाही. इंडियानापोलिसशी असलेल्या करारांची अडचण मी समजू शकते. पण करार पुन्हा पुन्हा होतात, आणि पुढच्या करारात एक कलम वाढवता येते.

दुसरी एक गोष्ट याच मुद्द्याला जोडून आहे. आपण ओरेगन-वॉशिंग्टन हा सामना दरवर्षी होईल अशा संरक्षित सामन्यांच्या यादीत ठेवला, त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानते. कॉन्फरन्स बदलताना अनेकांची जुनी वैरे तुटली, हे वैर टिकले ते आपल्या या निर्णयामुळे. परंतु 2024 मध्ये हा सामना 30 नोव्हेंबरला, म्हणजे अजिंक्यपद सामन्याच्या बरोबर एक आठवडा आधी ठेवला गेला. ओरेगन त्यात 49-21 असे जिंकले. हे दोघे जर पहिले दोन असते, तर त्यांना आठ दिवसांत दोनदा खेळावे लागले असते आणि पहिला सामना निरर्थक ठरला असता. 2023 मध्ये दोन सामन्यांत सात आठवड्यांचे अंतर होते. त्या सात आठवड्यांत दोन्ही बाजूंनी जे मनात साठवले, त्यामुळेच डिसेंबरच्या रात्रीला वजन आले. म्हणून हा सामना ऑक्टोबरात ठेवावा, अशी माझी दुसरी विनंती आहे. मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा सामना शेवटच्या आठवड्यातच असावा असा तिकडचा आग्रह आहे आणि त्यांच्या परंपरेत मला बोलायचे नाही. आमच्याकडे मात्र शेवटचा आठवडा बहुधा वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट या घरच्या भावंडांचा असे. तो आता त्यांच्याकडून गेलाच आहे, निदान त्या जागी काय बसवतो याचा विचार व्हावा.

पैशाबद्दल थोडेच लिहिते. आमची दोन विद्यापीठे आपल्याकडे आली ती जुन्या सदस्यांच्या निम्म्याच्या आसपासचा, वर्षाला सुमारे 3 कोटी डॉलरचा वाटा मान्य करून. इतर खेळांतली त्यांची मुले-मुली आता व्हॉलीबॉलच्या किंवा सॉकरच्या एका सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत जातात, विमानात अभ्यास करतात आणि पहाटे परत येऊन वर्गात बसतात. 2024 च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनचा फुटबॉल संघ शुक्रवारी रात्री न्यू जर्सीच्या रट्गर्स विद्यापीठाशी खेळायला गेला आणि 21-18 असा हरला, तेव्हा सगळा देश ओलांडून तो सामना प्रत्यक्ष पाहू शकलेला एकही विद्यार्थी माझ्या ओळखीत नव्हता. या साऱ्याची सवय आम्ही करून घेतली आहे आणि परतफेड मागत नाही. एका विशिष्ट दिवशी, जो कदाचित दहा वर्षांत एकदा येईल, सामना आमच्या मुलांच्या आवाक्यात असावा, एवढेच मागते.

आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि निर्णय काहीही झाला तरी तो कारणांसह जाहीर करावा. दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थी प्रतिनिधींना त्या बैठकीत बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. माझी मुलगी 2024 मध्ये पदवीधर झाली, त्यामुळे तिचा यात आता काही स्वार्थ नाही. माझ्या भाच्याचे शेवटचे वर्ष आहे. त्याने ऑक्टोबर 2023 च्या त्या सामन्याचे तिकीट छापून घेऊन आपल्या खोलीत टेबलासमोर लावले आहे, हरलेल्या सामन्याचे, आणि लास वेगासचे त्याच्याकडे काहीच नाही.

आपली नम्र,
एक पालक
बॉथेल, वॉशिंग्टन राज्य
ऑगस्ट 2025